अमुदाची नऊ वर्षे आणि श्यामाची वीस

१/
मणिरत्नम यांच्या ‘कन्नत्तिल मुत्तमिट्टाल’ या २००२ सालच्या तमिळ चित्रपटात नऊ वर्षांची एक मुलगी आपल्या जन्मदात्रीला शोधण्यासाठी युद्ध चालू असलेल्या देशात जाते. तिच्या मनात बरेच प्रश्न असतात, पण त्या सर्वांच्या मुळाशी एकच असतो : आई, तू मला सोडून का गेलीस? चित्रपट या प्रश्नाला सरळ उत्तर देत नाही. इतिहासाकडे मात्र त्याचे बरेचसे उत्तर आहे. आजचा धागा त्या उत्तराविषयी.

२/
ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांना आधीच सांगतो, पुढे कथानक उघड होईल. श्रीलंकेतील मांकुळम गावची श्यामा (नंदिता दास) आणि दिलीपन यांचे लग्न होते. दिलीपन बंडखोरांकडे ओढला जातो. गरोदर श्यामा निर्वासितांच्या नावेतून रामेश्वरमला येते, तिथे मुलीला जन्म देते आणि तिला तिथेच ठेवून नवऱ्याच्या शोधात परत जाते. चेन्नईतील लेखक तिरुचेल्वन (माधवन) आणि इंदिरा (सिमरन) त्या मुलीला दत्तक घेतात. तीच अमुदा. नवव्या वाढदिवशी तिला हे सत्य सांगितले जाते. पुढे सारे कुटुंब श्रीलंकेला निघते.

३/
या चित्रपटाचे वर्णन बहुधा ‘युद्धाच्या छायेत वाढणाऱ्या मुलीची गोष्ट’ असे केले जाते. ही मुलगी म्हणजे अमुदा, असे आपण गृहीत धरतो. मला हे गृहीतक तपासून पाहावेसे वाटते. अमुदा चेन्नईत वाढते. तिच्याकडे शाळा आहे, भावंडे आहेत, समुद्रकिनारा आहे. युद्ध तिला भेटते ते प्रवासात. यादवीत खऱ्या अर्थाने वाढलेली मुलगी चित्रपटात आहेच, पण ती आपल्याला मोठी झाल्यावर दिसते. ती मुलगी म्हणजे श्यामा.

४/
चित्रपट घटनांची साले सांगत नाही, बंडखोर संघटनेचे नावही घेत नाही. तरीही इतिहासाच्या विद्यार्थ्याला दोन खुणा पुरतात : एका मुलीचे वय आणि एका गावाचे नाव. प्रदर्शनाच्या सुमारास अमुदा नऊ वर्षांची आहे, असे धरले तर तिचा जन्म १९९२च्या आसपासचा ठरतो. त्या वेळी श्यामा वीस वर्षांची असेल, असे मानू. हा माझा अंदाज आहे, चित्रपटातील विधान नव्हे. म्हणजे श्यामाचा जन्म १९७२चा. आता हे वर्ष हाती धरून चालू.

५/
जन्मापूर्वीचे थोडेसे. १९४८ साली स्वतंत्र झालेल्या सिलोनने त्याच वर्षीच्या नागरिकत्व कायद्याने चहामळ्यांतील लाखो भारतीय वंशाच्या तमिळांना नागरिकत्वाबाहेर ठेवले. १९५६ साली एस. डब्ल्यू. आर. डी. बंडारनायके यांच्या सरकारने सिंहली हीच एकमेव राजभाषा ठरवली. १९५७ साली त्यांनी तमिळ नेते चेल्वनायकम यांच्याशी प्रादेशिक अधिकारांविषयी करार केला, पण सिंहली विरोधापुढे तो पुढच्याच वर्षी मोडीत काढला. १९५८ साली तमिळविरोधी दंगली उसळल्या. १९५९ साली खुद्द बंडारनायके यांचा एका बौद्ध भिक्षूने खून केला.

६/
भाषेचा कायदा हा केवळ अस्मितेचा प्रश्न नव्हता. उत्तरेकडील तमिळ मध्यमवर्ग शिक्षण आणि सरकारी नोकरी यांवर उभा होता. राजभाषा बदलली तेव्हा आधी नोकरीचे दार अरुंद झाले. १९७०च्या दशकाच्या आरंभी विद्यापीठप्रवेशाचे नियमही असे बदलण्यात आले, की विज्ञानशाखांच्या जागांसाठी तमिळ माध्यमाच्या विद्यार्थ्यांना सिंहली माध्यमापेक्षा अधिक गुण आवश्यक ठरले. परीक्षेत उत्तीर्ण होऊनही बाहेर राहिलेली तरुण मुले हा पुढच्या बंडाचा पहिला कच्चा माल होता.

७/
श्यामा : वय ०. १९७२ साली देशाने नवी राज्यघटना स्वीकारली. सिलोनचा ‘श्रीलंका’ झाला. बौद्ध धर्माला अग्रस्थान मिळाले आणि जुन्या घटनेतील अल्पसंख्याकांच्या संरक्षणाचे कलम गळाले. याच वर्षी वेलुपिल्लै प्रभाकरन यांनी ‘तमिळ न्यू टायगर्स’ हा गट स्थापन केला, चार वर्षांनी त्याचीच ‘लिट्टे’ झाली. १९७६ साली वट्टुकोट्टै येथे तमिळ पक्षांच्या आघाडीने स्वतंत्र ‘तमिळ ईलम’चा ठराव संमत केला. तेव्हा श्यामा चार वर्षांची आहे.

८/
श्यामा : वय ९. अमुदाला दत्तक असल्याचे कळते ते याच वयात. श्यामा नऊ वर्षांची असताना, ३१ मे १९८१च्या रात्री, जाफनाचे सार्वजनिक ग्रंथालय जाळण्यात आले. सुमारे ९७,००० पुस्तके आणि हस्तलिखिते भस्मसात झाली, त्यांत ताडपत्रेही होती. आगीमागे पोलीस आणि सत्ताधाऱ्यांनी आणलेले गुंड होते, हे पुढे बहुतेक अभ्यासकांनी मान्य केले. एका समाजाच्या लेखी स्मृतीवर असा घाव पडला, की त्यानंतर संसदीय मार्गाची भाषा बोलणाऱ्या तमिळ नेत्यांचे तरुण ऐकेनासे झाले.

९/
श्यामा : वय ११. २३ जुलै १९८३ रोजी जाफनाजवळ तिरुनेल्वेली येथे लिट्टेने घात लावून १३ सैनिक मारले. दुसऱ्या दिवसापासून कोलंबो पेटले. जमावांच्या हाती मतदारयाद्या होत्या, तमिळांची घरे आणि दुकाने नेमकी हेरून जाळली गेली. वेलिकडा तुरुंगात तमिळ कैद्यांना ठार मारण्यात आले. अधिकृत आकडा चारशेच्या आत राहिला, इतर अंदाज तीन हजारांपर्यंत जातात. या ‘काळ्या जुलै’नंतर यादवी उघडपणे सुरू झाली आणि निर्वासितांच्या नावा रामेश्वरमकडे निघाल्या.

१०/
या नावांच्या वाटेलाही इतिहास आहे. धनुष्कोडी ते तलैमन्नार हे अंतर जेमतेम ३० किलोमीटर. एके काळी मद्रासहून निघालेली ‘बोट मेल’ धनुष्कोडीला पोहोचे, तिथून प्रवासी आगबोटीने पलीकडे जात आणि पुन्हा रेल्वे धरून कोलंबो गाठत. डिसेंबर १९६४च्या चक्रीवादळाने धनुष्कोडी उद्ध्वस्त केले. त्यानंतर रामेश्वरमहून चालणारी बोटसेवा युद्धाने बंद पाडली. तिकीट काढून ओलांडायचे पाणी एका पिढीत जीव मुठीत धरून ओलांडायचे झाले.

११/
निर्वासितांची पहिली नोंद होत असे ती मंडपमच्या छावणीत. ही छावणी ब्रिटिश काळातली. सिलोनच्या मळ्यांवर निघालेल्या तमिळ मजुरांना तिथे थांबवून त्यांची वैद्यकीय तपासणी केली जाई. पुढे १९६४च्या सिरिमा–शास्त्री करारानुसार भारताने सव्वापाच लाख लोक परत घेण्याचे मान्य केले. त्या मजुरांची नातवंडे याच मंडपमहून उलट दिशेने आत आली. मग १९८३ पासून युद्धाचे निर्वासित. एकाच आवारातून गेलेल्या या तीन लाटा. चित्रपटात श्यामा ज्या गर्दीत उतरते, ती गर्दी या दीर्घ मालिकेतली आहे.

१२/
श्यामा : वय १५. २९ जुलै १९८७ रोजी राजीव गांधी आणि जयवर्धने यांनी कोलंबोत करार केला. भारतीय शांतिसेना उत्तरेत उतरली तेव्हा लोकांनी तिचे स्वागत केले, पण ऑक्टोबरमध्ये तिची लिट्टेशीच लढाई जुंपली. त्याच महिन्यात जाफना रुग्णालयात झालेल्या गोळीबारात डॉक्टर, परिचारिका आणि रुग्ण मृत्युमुखी पडले. मार्च १९९० मध्ये सेना परतली तेव्हा सुमारे १,२०० भारतीय जवान प्राणांना मुकले होते. पंधरा वर्षांच्या तमिळ मुलीने तीन वर्षांत भारतीय जवान मित्र म्हणून आणि शत्रू म्हणूनही पाहिला.

१३/
याच काळात लिट्टेची महिला आघाडी उभी राहिली. ‘स्वातंत्र्यपक्षी’ या नावाने ती ओळखली जाई. तिची पहिली स्त्री लढवय्यी ऑक्टोबर १९८७ मध्ये शांतिसेनेशी लढताना मारली गेली. मुली का गेल्या, याचे एकच उत्तर देता येत नाही. घरातील कुणी मारले गेले होते, सैनिकांच्या अत्याचाराची भीती होती, हुंडा आणि चूल यांपलीकडचे आयुष्य काहींना खुणावत होते. पुढील वर्षांत सक्तीची भरतीही आली. इच्छा आणि सक्ती यांमधली रेषा युद्धात फार पुसट होते. चित्रपटातील श्यामाच्या हाती बंदूक दिसते तेव्हा या सर्व शक्यता एकत्र लक्षात घ्याव्यात.

१४/
श्यामा : वय १८. आता दुसरी खूण, मांकुळम. हे गाव वन्नी प्रदेशात, कँडी–जाफना महामार्गावर, वावुनिया आणि किलिनोच्ची यांच्या दरम्यान आहे. या रस्त्यावर ज्याचा ताबा, त्याची उत्तरेवर पकड. जून १९९० मध्ये युद्ध पुन्हा भडकले आणि नोव्हेंबरमध्ये लिट्टेने मांकुळमचा लष्करी तळ जिंकला. कथेतील लग्न या सुमाराचे धरले, तर दिलीपन आणि श्यामा यांचा संसार एका रणांगणाच्या अंगणात सुरू झाला, असेच म्हणावे लागेल.

१५/
श्यामा : वय २०. ती रामेश्वरमला पोहोचली ती वेळही नीट पाहा. २१ मे १९९१ रोजी श्रीपेरुंबुदूर येथे लिट्टेने राजीव गांधी यांची हत्या घडवली. तमिळनाडूतील सहानुभूती एका रात्रीत आटली. छावण्यांवर पाळत वाढली. १९९२ च्या आरंभी निर्वासितांना परत पाठवणे सुरू झाले आणि मे महिन्यात भारताने लिट्टेवर बंदी घातली. जिचा नवरा बंडखोरांत आहे अशी बाळंतीण त्या वर्षी रामेश्वरमला कोणत्या नजरेने पाहिली गेली असती, याची कल्पना करा. ‘का सोडून गेलीस’ या प्रश्नाच्या उत्तरात प्रेम आहे, ध्येय आहे, तसे हेही आहे : अलीकडचा किनारा तिच्यासाठी सुरक्षित उरला नव्हता.

१६/
पण श्यामाची वीस वर्षे म्हणजे सारी श्रीलंका नव्हे. ऑक्टोबर १९९० मध्ये लिट्टेने उत्तर प्रांतातील सुमारे सत्तर हजार मुसलमानांना घरे सोडायला लावले. जाफनात तर निघायला काही तासच मिळाले. ती कुटुंबे पुत्तलमच्या छावण्यांत वर्षानुवर्षे राहिली. दक्षिणेत १९८७ ते १९८९ या काळात जेव्हीपीचे बंड आणि सरकारी दडपशाही यांत हजारो सिंहली तरुण मारले गेले वा नाहीसे झाले. त्या घरांतही नऊ वर्षांच्या मुली होत्या. चित्रपटातील सिंहली डॉक्टर विक्रमसिंघे (प्रकाश राज) अमुदाच्या कुटुंबाला मदत करतो. तो कोणत्या दक्षिणेतून आला, हे ठाऊक असेल तर त्याच्या चांगुलपणाचे वजन अधिक जाणवते.

१७/
इथे एक गोष्ट मला विशेष भिडते. अमुदा विचारते, माझी आई कुठे आहे? याच देशात आया नेमका उलट प्रश्न विचारत रस्त्यावर येत होत्या : माझे मूल कुठे आहे? १९८४ साली जाफनात तमिळ मातांनी ‘मदर्स फ्रंट’ उभारली. १९९० साली दक्षिणेत सिंहली मातांनी त्याच नावाची संघटना स्थापली. भाषा वेगळ्या आणि प्रदेश वेगळे असले, तरी दोघींचे सरकारकडे मागणे एकच होते. यादवीने देश दुभंगला होता, पण हा प्रश्न दोन्ही बाजूंना सारखाच होता.

१८/
आता अमुदाची नऊ वर्षे. ती चेन्नईत चालायला, बोलायला, भांडायला शिकत असताना पलीकडे काय चालले होते? ऑक्टोबर १९९५ च्या अखेरीस लष्कर जवळ येताच काही लाख लोक मुसळधार पावसात जाफना सोडून निघाले. चित्रपटात संपूर्ण गाव घरदार टाकून निघते, तो प्रसंग पाहताना मला नेहमी हे स्थलांतर आठवते. जानेवारी १९९६ मध्ये कोलंबोच्या मध्यवर्ती बँकेवर लिट्टेचा आत्मघाती हल्ला झाला. त्यात नव्वदच्या आसपास माणसे गेली, बहुतेक साधे नोकरदार आणि वाटसरू.

१९/
आणि मांकुळम? सप्टेंबर १९९८ च्या अखेरीस, दीर्घ मोहिमेनंतर, ते लष्कराने घेतले. नोव्हेंबर १९९९ मध्ये लिट्टेने परत मिळवले. अमुदा आईचे गाव शोधायला निघते तोवर ते गाव तिच्या हयातीतच दोनदा हात बदलून चुकले होते. तिला तिथे घर, शेजारी, ओळखीची वाट असे काही सापडत नाही, यात पटकथेचा योगायोग कमी आणि भूगोल अधिक आहे.

२०/
चित्रपट जे बोलत नाही तेही नोंदवू. मुलांची भरती हा या युद्धाचा सर्वांत काळा भाग आहे. २००३ ते २००८ या काळात लिट्टेने भरती केलेल्या मुलांच्या सहा हजारांहून अधिक नोंदी युनिसेफकडे झाल्या. २००४ साली लिट्टेतून फुटून निघालेल्या करुणाच्या गटावरही हाच आरोप झाला. अमुदा रामेश्वरमला राहिली नसती, मांकुळमला वाढली असती, तर या वयोगटात ती थेट मोडली असती. आईने तिला टाकले खरे, पण नकळत या यादीतून वगळलेही. हा विचार चित्रपट मोठ्याने म्हणत नाही. तो आपल्याला तारखा जुळवतानाच सुचतो.

२१/
दुसरे मौन कायद्याचे आहे. अमुदाला लेखक बाप मिळाला. छावणीत जन्मलेल्या बहुतेक मुलींना छावणीच मिळाली. भारतीय कायद्यानुसार २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ या काळात भारतात जन्मलेली व्यक्ती जन्माने नागरिक ठरते. १ जुलै १९८७ पासून आई किंवा वडील भारतीय असण्याची अट आली. २०२२ साली मंडपम छावणीत १९८६ मध्ये जन्मलेल्या एका स्त्रीला पासपोर्ट देण्याचा आदेश मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने दिला, तो या तारखेच्या आधारे. तिच्याच छावणीत दोन वर्षांनी जन्मलेल्या मुलीला हा आधार नाही. २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्तीतही श्रीलंकेचा समावेश नाही.

२२/
चित्रपट हे ऐतिहासिक साधन मानावे का, असा प्रश्न मला अनेकदा विचारला जातो. माझे उत्तर असे : तो युद्धाचा पुरावा नसतो, पण युद्धाकडे कसे पाहिले गेले याचा पुरावा नक्की असतो. २००२ सालचा तमिळनाडू राजीव हत्येच्या आठवणीने घेरलेला होता. अशा वेळी संघटनेचे नाव न घेता, कोणाचीही बाजू न घेता, एका मुलीच्या प्रश्नातून युद्ध दाखवणे ही दिग्दर्शकाची वाट होती. तिने चित्रपटाला करुणा दिली आणि त्याची कारणमीमांसा दुबळी केली. शेजारच्या देशातले युद्ध जणू आभाळातून कोसळले, असे अजाण प्रेक्षकाला वाटू शकते. १९५६, १९७२, १९८१ ही साले आपण त्याच्या शेजारी ठेवायची असतात.

२३/
अखेरच्या प्रसंगात आई आणि मुलगी एका बागेत भेटतात. अमुदाचे बरेच प्रश्न निरुत्तर राहतात. ती आईला आपल्यासोबत यायला सांगते. श्यामा येत नाही. इथे कधी शांतता आली तर तूच ये, अशा आशयाचे काही ती सांगते आणि निघून जाते. चित्रपट प्रदर्शित झाला त्याच वर्षी, २२ फेब्रुवारी २००२ रोजी, नॉर्वेच्या मध्यस्थीने युद्धविराम झाला आणि काही आठवड्यांनी मांकुळमवरून जाणारा महामार्ग खुला झाला. क्षणभर वाटले असेल, की अमुदाला परत जाता येईल.

२४/
तो युद्धविराम टिकला नाही. नोव्हेंबर २००८ मध्ये लष्कराने मांकुळम पुन्हा घेतले. मे २००९ मध्ये मुल्लिवायक्काल येथे युद्ध संपले. अखेरच्या टप्प्यात चाळीस हजारांपर्यंत नागरिक मारले गेले असावेत, असे संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञमंडळाने २०११ साली नोंदवले. श्रीलंका सरकारला हा आकडा मान्य नाही. सुमारे तीन लाख लोक कुंपणाच्या छावण्यांत ठेवले गेले. श्यामा तेव्हा ३७ वर्षांची असती. तिच्या पिढीतील किती स्त्रिया त्या चिंचोळ्या किनाऱ्यावरून परतल्या, याचा सर्वमान्य हिशोब आजही नाही.

२५/
फेब्रुवारी २०१७ पासून किलिनोच्चीत तमिळ माता रस्त्याकडेला बसल्या, हातात आपल्या नाहीशा झालेल्या मुलांची छायाचित्रे घेऊन. त्यांतल्या अनेकींनी आपली मुले युद्ध संपताना स्वतः लष्कराच्या हवाली केली होती. उत्तर मिळण्यापूर्वीच कित्येक जणी वारल्या. १९८४ साली जाफनात विचारलेला प्रश्न अजून तिथेच उभा आहे.

२६/
आज अमुदा तिशी ओलांडलेली असती. तिला आता चेन्नईहून जाफनाला विमानाने जाता आले असते आणि त्याच महामार्गावरून मांकुळमही गाठता आले असते. तिने आईला विचारलेला प्रश्न मात्र मी थोडा बदलून तुमच्या हाती देतो. श्यामा का गेली, हे विचारताना तिच्या वयाच्या नवव्या, अकराव्या, पंधराव्या आणि अठराव्या वर्षी काय घडले, हेही विचारा. कोणत्याही यादवीचा चित्रपट पाहाल तेव्हा त्यातील मुलीचे वय मोजा आणि तेवढी वर्षे मागे जा. मग तिच्या आईचे वय मोजा आणि आणखी मागे जा. कारणे बहुतेक वेळा तिथे सापडतात.

तुमच्या पाहण्यात असा दुसरा एखादा चित्रपट असेल, तर खाली नक्की लिहा. पुढचा धागा त्यावर करू.